पुढचं घर तुझं

आमचे दाजी घरांच्या धंद्यात पडले ते लिफ्टच्या टपावर बसून. खोटं वाटेल, पण तसंच झालं.

दाजी लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की ह्यांना बोलावणं. हे वरच्या मजल्याचं दार उघडून डब्याच्या टपावर उतरायचे आणि तिथं बसून पाना फिरवायचे. टपावर बसलेला माणूस खालच्यांना दिसत नाही, पण खालचं सगळं बोलणं वर ऐकू येतं. दाजी म्हणायचे, अडकलेली माणसं आधी देवाचं नाव घेतात, मग लिफ्टवाल्याला शिव्या घालतात, आणि मग वेळ जात नाही म्हणून खरं बोलायला लागतात. असेच एकदा दोघं अडकले होते. एक जण दुसऱ्याला शहाणपण शिकवत होता. "अरे, पगार साठवून कुणी घरांचा मालक झालाय का? कर्ज काढ, एक मोडकं घर घे. त्यातच राहा. राहता राहता दुरुस्त कर. चकाचक झालं की वीक, आणि आलेल्या पैशात त्याच्याहून मोठं मोडकं घे. तीन-चार उड्या मारल्यास की एक राहायला, एक भाड्यानं द्यायला. म्हातारपणी पायावर पाय टाकून बस."

दाजी वर पाना हातात धरून ऐकत राहिले. त्या दिवशी ती लिफ्ट जरा उशिराच सुटली म्हणे. सुटेल कशी, शिकवणी पुरी व्हायची होती.

तिथनं दाजी थेट माझ्याकडे आले. मी लाद्या बसवतो. शाळा सातवीपर्यंत, ती पण मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण लादी सरळ बसवायला शाळा लागत नाही, गुडघे लागतात. ते माझे तेव्हा चांगले होते.

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "तुमच्या हातात सोनं आहे."

"सोनं असतं तर पोटासाठी लोकांच्या संडासात गुडघ्यावर कशाला बसलो असतो?"

"तेच तर. आता आपल्याच संडासात बसायचं."

असा आमचा धंदा सुरू झाला. विजेचं आणि नळाचं काम दाजी बघणार, लाद्या आणि गिलावा मी, आणि बाकी सगळं ताईवर. ह्या 'बाकी सगळं'मध्ये काय काय येतं ते तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घर पाहावं बांधून असं म्हणतात. बांधणारा बघतो ते वेगळं, आणि त्यात रांधणारी बघते ते वेगळं.

ताई माझी मोठी बहीण. मला ठोंब्या म्हणते. पन्नाशी आली तरी ठोंब्याच. पहिल्या घरात ती राहायला आली तेव्हा न्हाणीघराला दार नव्हतं, चादर होती. स्वयंपाकघर फोडलेलं, म्हणून शेगडी झोपायच्या खोलीत, रंगाच्या डब्यांवर फळी टाकून. माझी भाची तेव्हा एवढीशी. अंथरूण कुठं घालायचं ते रोज संध्याकाळी ठरायचं, कारण सकाळी जी खोली होती ती संध्याकाळी राहिलेली असेलच असं नाही. लग्नात ताईनं लावली नसेल एवढी पावडर त्या घरात तिच्या तोंडावर असायची. फक्त ती सिमेंटची.

ती कुरकुरली नाही. आमच्याकडे बायका कुरकुरल्या नाहीत की पुरुषांना वाटतं सगळं छान चाललंय.

घर पुरं झालं. शेवटची लादी पुसून मी उठलो तेव्हा ताईनं चपला काढल्या आणि अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. मग परत फिरली. नुसती चालत होती. संध्याकाळी एजंट दोन गिऱ्हाइकं घेऊन आला आणि त्यांनी चिखलाच्या बुटांनी सगळं घर तुडवलं. ताई फडकं घेऊन दाराआड उभी. आठवड्यात घर विकलं गेलं.

दाजी एवढे खूश की त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. मी काय उचलला जातोय. ताईला म्हणाले, "पुढचं घर तुझं. तुला पाहिजे तसं करू."

दुसरं घर झालं. ते पण पुरं झालं, ते पण गेलं. "अगं, ह्याला भाव असा आलाय की ठेवणं म्हणजे पाप. पुढचं तुझं. शब्द." विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं आमच्या ताईचं. भांड्यांची खोकी तिनं उघडायचंच सोडून दिलं. लागेल तो डबा वरच्या वर काढायची आणि परत खोक्यात. भिंतीला खिळा मारायचा नाही, हा दाजींचा कायदा. पुट्टी खराब होते. भाचीची तर गंमतच. तिला मुळाक्षरं धड येत नव्हती, पण मैत्रिणीच्या घरी गेली की विचारायची, "तुमचा कार्पेट एरिया किती?" आम्ही हसून हसून लोळायचो. ताई पण हसायची. भाचीला मैत्रीण एकच होती, आणि ती पण दर वेळी नवी, हे मला फार उशिरा कळलं.

मग तिसरं घर.

ते एका अरुंद गल्लीच्या कोपऱ्याला होतं. बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. विकणाऱ्यानं इतकं वाईट ठेवलं होतं की दाजी बघताक्षणी प्रेमातच पडले. "मेव्हणे, ह्याच्यात नफा नुसता ठिबकतोय." ठिबकत होतं ते गच्चीचं पाणी, पण असो.

स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे होती. समोर एक शिवणवाली राहायची. नवरा वारलेला, पोरं बाहेरगावी. तिचं मशीन तिच्या खिडकीत. गल्ली एवढी चिंचोळी की इकडनं फोडणी टाकली की तिकडं शिंक. पहिल्याच दिवशी ताई धूळ झटकायला खिडकीत आली तर शिवणवाली मशीन न थांबवता म्हणाली, "विकणार की राहणार?"

ताई म्हणाली, "आधी झाडणार."

शिवणवाली जी हसली, तिचा दोरा तुटला. तिथनं दोघींचं जमलं ते जमलंच. दिवसभर ह्या खिडकीतनं त्या खिडकीत. मी खाली गुडघ्यावर, आणि माझ्या डोक्यावरनं गप्पा. कुणाची सून कशी, कुणाच्या ब्लाउजचं माप दर दिवाळीला कसं वाढतं, सगळं. मला त्या गल्लीतल्या एकाही माणसाचं तोंड माहीत नव्हतं, पण कंबर माहीत होती. ताई बोलायची. मी कामावर बसल्या बसल्या ऐकायचो आणि वाटायचं, ही एवढं बोलते हे मी विसरलोच होतो. भाचीची शाळा गल्लीच्या तोंडाशी. ती एकटी जायची, एकटी यायची, आणि येताना शिवणवालीकडनं चिंध्या घेऊन यायची, बाहुलीसाठी.

एकदा दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ताई वाढता वाढता म्हणाली, "इथं बरं वाटतं हो."

दाजी म्हणाले, "वाटणारच. कोपऱ्याचं घर आहे. कोपऱ्याला जास्त भाव असतो."

"तसं नाही. मला इथं बरं वाटतं."

"अगं, मग भाव काय उगीच येतो? माणसाला बरं वाटतं म्हणूनच येतो." आणि दाजींनी बोटानं ताटाशेजारी आकडे मांडायला सुरुवात केली. गेलं किती, येणार किती, चौथं घर केवढं मोठं. "त्याला दोन न्हाणीघरं आहेत. दोन. ते मात्र तुझं. ह्या वेळी खरंच."

ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणखी वाढू?"

तेव्हा मी पण जेवतच होतो. पोटात भूक असली की माणसाचे कान बंद होतात.

स्वयंपाकघराची लादी ताईनं स्वतः निवडली. हिरवट निळी, जुन्या काचेच्या बाटलीचा असतो तसा रंग. दाजी जरा कां-कू करत होते, एवढी रंगीत कोण घेतं म्हणून, पण ताईनं ऐकलं नाही. मी ती बसवायला घेतली. आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

लादी बसवली की दुसऱ्या दिवशी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघायची असते. भरीव वाजली तर धरली. पोकळ वाजली तर खाली हवा राहिली, काढून परत लावा. मी कोपऱ्यातनं ठोकत आलो तर एक पोकळ. म्हटलं, होतं कधी कधी. काढून परत लावली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची पोकळ. मग तिसरीकडे दोन. मी सिमेंट बदललं. वाळू चाळली. पाणी कमी केलं, मग जास्त केलं. दुकानदाराशी जाऊन भांडलो. त्यानं मला बिचाऱ्यानं नवी गोणी दिली आणि वर चहा पाजला, माझी अवस्था बघून.

दाजींना तर आयतंच मिळालं. "मेव्हणे, थुंकी लावून चिकटवताय का?"

"दाजी, माझ्या हातची लादी आजवर कुणाची उठली नाही."

"मग ही काय चालत जाते?"

आणि नुसत्या लाद्या नाहीत. नळाला नवा वायसर टाकला की आठवड्यात गळायला लागायचा. कपाटाच्या दाराचा स्क्रू ढिला. भिंतीचा रंग दोनदा झाला, दोन्ही वेळा ताईला सुकल्यावर पसंत पडला नाही. दाजी कमरेवर हात ठेवून घराकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे घर नडतंय आपल्याला." एका ओळखीच्या इंजिनियरला पण घेऊन आले. त्यानं जमिनीला कान लावला, भिंतीवर टकटक केलं आणि सांगितलं, जमिनीखाली हालचाल आहे. हालचाल होती. पण जमिनीच्या वर.

एके दिवशी मी संध्याकाळी काम आटोपून निघालो आणि वाटेत आठवलं, जेवणाचा डबा राहिला. परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ताई उकिडवी बसलेली, हातात कलथा. मी तासाभरापूर्वी बसवलेल्या लादीच्या फटीत तिनं कलथ्याचं टोक घातलं होतं आणि हळूच, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालनं हात काढावा तसं, लादी वर उचलत होती. उचलली, खालचं ओलं सिमेंट कलथ्यानं थोडं खरवडून घेतलं, आणि लादी परत जागेवर ठेवली. वरनं हात फिरवून सारखी केली. माझ्यापेक्षा सारखी.

"ताई."

ती दचकली नाही. "डबा विसरलास ना? धुवून ओट्यावर ठेवलाय."

"डबा राहू दे. हे काय चाललंय?"

"दिसत नाही?"

"अगं, माझी झोप उडालीय. त्या दुकानदाराच्या बापाचा उद्धार करून आलो मी."

"त्याचा बाप तसलाच होता, शिवणवाली सांगत होती." ताईनं कलथा पदराला पुसला आणि मग पाठ भिंतीला टेकून बसली. मी पण समोर बसलो.

मग ती म्हणाली, "घर पुरं झालं की जातं, ठोंब्या. अपुरं आहे तोवर माझं आहे."

"दाजींना सांग की."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आकडे."

मला ती जेवणाची दुपार आठवली आणि मी खाली बघायला लागलो.

"नीट सांग ना मग. भांड. ओरड."

"ते माझ्यासाठीच करतायत रे सगळं. दिवसभर लिफ्टवर लटकायचं, रात्री घरी येऊन वायरी ओढायच्या. कशासाठी, तर मला दोन न्हाणीघरं मिळावीत. अशा माणसावर ओरडायचं कसं? वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाशी भांडायला तोंडच सापडत नाही." थोडं थांबून म्हणाली, "तू सांगणार नाहीस."

मी नाही सांगितलं. बहिणीनं शब्द घेतला की संपलं. उलट त्या दिवसापासनं मी पण सामील झालो. तिला लाद्या उचलायची गरजच राहिली नाही, मीच हळू केलं. कधी गुडघा दुखतो, कधी माल ओला, कधी कटरचं पातं गेलं. एकदा तर मी एक भिंत दाजींच्या देखत दोन बोटं वाकडी केली आणि दुसऱ्या दिवशी तीच पाडली. आयुष्यात वाकडं काम करायला एवढी मेहनत कधी घेतली नव्हती. ताई आणि शिवणवाली खिडकीतनं बघून हसायच्या. बरे दिवस होते ते. आता बोलायला हरकत नाही, त्या घरातले ते महिने माझ्या बहिणीच्या संसारातले सगळ्यात चांगले महिने होते.

पण कर्जाचा हप्ता काही माझ्या गुडघ्यासाठी थांबत नव्हता. दोन घरांत जे कमावलं ते तिसऱ्यात मुरायला लागलं. दाजी रात्रपाळी पण घ्यायला लागले. चहाचा कप हातात धरून झोपायचे. थट्टा बंद झाली. मला मेव्हणे म्हणायचं पण विसरले, नुसतं "झालं का?" एवढंच. मी म्हणायचो, "नाही," आणि ते मान हलवून आत जायचे.

मी ताईला म्हटलं, "दाजी सुकत चाललेत."

"बघतेय मी," ती म्हणाली. खूप वेळ खिडकीत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या सुट्टी आहे त्यांची. सांगून टाकते. हसले तर हसले, चिडले तर चिडले. म्हणेन, दोन न्हाणीघरं नकोत मला. एकातच मावते मी."

मला हलकं वाटलं. मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मनापासनं काम केलं. खिडकीखालची ओळ एका दमात बसवली.

आणि त्याच दुपारी एजंट आला. ताई भाचीला आणायला शाळेत गेलेली. एजंटबरोबर एक उंचसा माणूस, अंगावर साधा शर्ट, पण चाल मालकाची. माझ्याकडे न बघता तो टाच आपटत आपटत घरभर फिरला. जुन्या लाद्यांतली एक पोकळ वाजली. तो थांबला, परत आपटली, आणि त्याचा चेहरा फुलला.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "साहेब, घर बरं नाही हे. जमिनीत हालचाल आहे. नळ गळतो. गच्ची ठिबकते."

"उत्तम," तो म्हणाला. "भाव खाली येईल."

"लाद्या तर सगळ्या उठतायत."

"उठायच्याच आहेत. हे सगळं मी काढणार. ही भिंत पण. स्वयंपाकघर मागं नेणार, इथं गाडी लागेल." आणि एजंटकडे वळून, "त्यांना म्हणावं, काम थांबवा. आहे तसं घेतो."

तो माणूस पण घरांचाच धंदा करणारा होता. मोडकी घ्यायची आणि विकायची. म्हणजे आमच्या दाजींचाच मोठा भाऊ म्हणा. पुरं झालेलं घर विकलं जातं एवढंच आम्हाला माहीत होतं. अपुरं घर त्याच्याहून लवकर जातं, हे आम्हाला कुणी लिफ्टमध्ये सांगितलं नव्हतं. ताईनं त्या घराला ज्या गोष्टीचं कुंपण घातलं होतं, त्याच गोष्टीवर ते गेलं.

ताई आली. मी सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांनी हो कुठं म्हटलंय अजून? येऊ देत." आणि कणीक मळायला बसली. मळतच राहिली.

दाजी दिवे लागायच्या वेळेला आले ते शीळ घालत. कित्येक महिन्यांनी मी त्यांची शीळ ऐकली. आल्या आल्या भाचीला उचललं, मला पाठीत गुद्दा घातला. "मेव्हणे, उठा आता जमिनीवरनं. सुटलो आपण. एजंटनं कळवलं, तडक त्याच्याकडे जाऊन टोकन घेतलं आणि तसाच जाऊन चौथ्या घराला देऊन आलो. फायदा नाही फार, पण सुटलो. जमत नव्हतं मला आता." मग ताईकडे वळले. "अगं, चौथं घर. दोन न्हाणीघरं. आणि ह्या वेळी देवाची शपथ, विकायचं नाही. थकलो मी."

ताईनं हात धुतले. ओट्यावरनं कलथा घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. त्याचं टोक वाकलेलं होतं आणि खाचेत सिमेंट वाळलेलं.

"लाद्या मी उचलत होते," ती म्हणाली.

दाजी हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसू तिथंच राहिलं.

"कशाला?"

"मला इथं राहायचं होतं."

समोरनं मशीनचा आवाज येत होता, तो पण थांबला. शिवणवालीनं तिची खिडकी हळूच लावून घेतली. त्या बाईला कुठं थांबायचं ते कळत होतं.

"मग बोलायचं ना," दाजी म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता त्यांचा. "एकदा बोलायचं होतंस."

"बोलले होते. जेवताना. तुम्ही म्हणालात, भाव चांगला येईल."

दाजी तसेच उभे. त्यांना ती दुपार आठवत होती की नाही, मला सांगता येणार नाही. मला वाटतं आठवली, कारण एकदम खाली बसले ते, ओल्या लाद्यांवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या माणसाकडे गेले. मला बरोबर नेलं. जन्मात कुणापुढे हात न जोडलेला माणूस, हात जोडून उभा राहिला. त्या माणसानं आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकलं. वाईट नव्हता तो. म्हणाला, "माझी मिसेस पण असंच करते, दर घराला जीव लावते. धंद्यात असं चालत नाही हो. तुम्ही मोडलंत तर टोकन दुप्पट परत करावं लागेल, आणि तुमचं चौथ्याला दिलेलं पण बुडेल. मी तुमच्या जागी असतो तर चौथ्या घरात तिला चांगलं किचन करून दिलं असतं." आम्ही उठलो. दुप्पट काय, दाजींकडे एकपट पण नव्हतं.

घरी आलो. ताईनं विचारलं नाही. दाजींनीच सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "गेलात ना विचारायला? पुष्कळ झालं." आणि खोकी भरायला घेतली. ह्या वेळी सगळं सामान बाहेर काढलेलं होतं, म्हणून वेळ लागला.

निघताना शिवणवाली दारात आली नाही. खिडकीत बसून मशीन चालवत राहिली. तिच्या मशीनवर कापड नव्हतं, हे मला टेम्पोवरनं दिसलं.

चौथं घर मोठं निघालं. उजेड भरपूर, हवा भरपूर, रस्ता एवढा रुंद की समोरच्या घरात कोण राहतं ते दुर्बिणीनं बघावं लागेल. दाजींनी शब्द पाळला. एजंटाचा फोन आला तर उचललाच नाही. धंदा सोडला म्हणाले. माणसं आजही त्यांना विचारायला येतात, घरात पैसे गुंतवायची सुरुवात कशी करावी म्हणून. दाजी कर्ज, हप्ते, कागदपत्र, सगळं नीट समजावतात. शेवटी म्हणतात, "आणि घरात विचारा." समोरचा हो हो म्हणतो. त्याला वाटतं, सहीसाठी विचारायचं असणार.

ताई महिन्यातनं एकदा शिवणवालीकडे जाते. मी एकदा सोडायला गेलो होतो. आपलं स्वयंपाकघर होतं तिथं आता गाडी उभी असते. ताई आत जाऊन बसली ती खिडकीकडे पाठ करून, आणि शिवणवालीनं पण मशीन उचलून आतल्या भिंतीला लावलेलं होतं.

नव्या घरात सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर राहिलं होतं. दाजींनी दुकानातनं लाद्यांचे नमुने आणले. सगळे आणले, शिल्लक ठेवले नाहीत. जमिनीवर मांडले, ताईला हाक मारली. हिरवटात पण चार-पाच प्रकार होते, शोधून आणलेले. दाजी त्या नमुन्यांच्या मागं उभे, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहिलेला पोरगा असतो तसे.

"तुला कुठली पाहिजे ती सांग. कितीही महाग असू दे. ओटा कुठं, खिडकी कुठं, सगळं तू सांग. भिंत फोडायची असेल तर भिंत फोडू. घर तुझं आहे."

ताईनं सगळे नमुने बघितले. मन लावून बघितले, उगीच नाही. एक उचलून उजेडात पण धरला. मग जागेवर ठेवला, सरळ करून.

"कुठली पण लावा," ती म्हणाली. "लोकांना आवडेल ती."

"लोक कुठले? आपल्याला राहायचंय इथं."

"हो ना," ताई म्हणाली, अगदी प्रेमानं, आणि भाचीचं दप्तर भरायला आत गेली.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल मी काही सांगेन, ती माझी बहीण आहे. मी गोणी फोडली, सिमेंट कालवलं आणि पांढरी लावली. पांढरी कुणालाही चालते.